तीन आठवड्यांचं शिबिर, तीस दिवसांचा अर्ज

एसएसएलसीनंतरच्या, म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या दहावीनंतरच्या सुट्टीत इतिहास-समाजशास्त्राचं आणि गावच्या कारभाराचं उन्हाळी शिबिर करायचं म्हणताय? नुसत्या सर्टिफिकेटसाठी जाणार असाल तर सरळ आजोळी जा आणि आंबे खा. प्रवेशाचा निबंध, मुलाखत वगैरे तुम्हाला माहीतच आहे, त्यात कुणी अडकत नाही. अडकतात ते प्रकल्पात.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या आमच्या गटाने आधी सीमाप्रश्नच घेतला होता. 1956ची राज्यपुनर्रचना, महाजन आयोग, 2004 सालचा सर्वोच्च न्यायालयातला दावा, सगळं तोंडपाठ. दोन दिवस गावात फिरलो आणि जो भेटला त्याने तेच भाषण दिलं. शेवटी एक मैत्रीण वैतागून म्हणाली, "आमच्या गल्लीतला आड का बुजवला ते तरी विचारू की!" विषय मिळाला तो असा.

मग मी माती खाल्ली. आडाचे कागद मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज द्यायचं ठरलं. गावातल्या एका दादाने तो लिहून दिला: मराठीत, दोन पानी, आडापासून दिवाबत्तीपर्यंत सात प्रश्न. पीडीओंनी, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांनी, वाचला न वाचला आणि परत केला. मराठी आहे म्हणून नाकारला, असं मी संध्याकाळपर्यंत गावभर सांगत सुटले. रात्री कायदा उघडला आणि कान गरम झाले. कलम 6(1) म्हणतं, अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत हवा. इथली राजभाषा कन्नड. राज्यघटनेचं कलम 350 वेगळं आहे. गाऱ्हाणं मांडणारं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीतही. पण माझं गाऱ्हाणं नव्हतंच, मला माहिती हवी होती. या दोन कागदांत गल्लत करू नका. पुन्हा सांगते, गाऱ्हाणं वेगळं, माहिती वेगळी. त्यात कर्नाटकाच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. दादाचे सात प्रश्न तिथेच बाद. अर्ज लिहून देणारे दादा गावोगाव असतात, त्यांच्याकडून चहा प्या, अर्ज घेऊ नका.

दुसरा अर्ज मीच कन्नडमध्ये लिहिला. ओत्तक्षरं, म्हणजे कन्नडमधली जोडाक्षरं, निम्मी चुकलेली, ती मैत्रिणीच्या आईने चहा उकळेपर्यंत दुरुस्त केली. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली. शाळेत शिकलेलं कन्नड एवढ्याला पुरतं, घाबरू नका. पोच मात्र शिक्क्यासकट घ्या.

आता हिशेब करा. उत्तराला मुदत 30 दिवसांची, शिबिर 21 दिवसांचं, आणि माझा आठवडा फुकट गेलेला. तुम्ही अर्ज पहिल्या दिवशी टाका आणि विसरून जा. तोवर रेशनच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना गाठा. आम्हाला एकीने सांगितलं, आडात वासरू पडलं, त्या दिवसापासून पाणी कुणी भरलं नाही. दुसरीने तिला तिथेच खोडलं, "वासरू न्हवं ग, रेडकू!" आम्ही दोन्ही लिहून घेतलं. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणायच्या, एक काहीतरी नक्की करा. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

पंचायतीचं उत्तर जूनमध्ये आलं, पीयूसीचे, म्हणजे अकरावीचे, वर्ग सुरू झाल्यावर. एका ठरावाची झेरॉक्स. त्यात रस्ता रुंद केल्याचं आहे, वासरू नाही आणि रेडकूही नाही.