फ्लॅमेंको गिटारचा ब्रिज घरीच केला

मे महिन्यात जळगावच्या उन्हात बंद गाडीत गिटार राहिली. ब्रिज, म्हणजे तारा बांधायची लाकडी पट्टी, सुटला, मधोमध चिरलाही. सुताराकडून जुन्या शिसवी पलंगाचा पाय आणला. करवतीने 190 मिलिमीटर लांब, 28 रुंद तुकडा काढून रंधला. फ्लॅमेंको या स्पॅनिश शैलीच्या गिटारीत तारा ब्रिजपाशी वरच्या फळीपासून जेमतेम 8 मिलिमीटरवर हव्यात, म्हणून ब्रिज ठेंगणाच ठेवला. सॅडलची (तारा टेकतात त्या बारीक पट्टीची) खाच हॅक्सॉची दोन पाती एकत्र बांधून पाडली, बारीक पटाशीने साफ केली.

खरा वेळ ब्रिजचा तळ फळीवर नीट बसवण्यात गेला. वरची फळी सपाट नसते, किंचित फुगीर असते. तिच्यावर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर ठेवून चिकटवला आणि ब्रिज त्यावर घासत राहिलो. फटीतला उजेड दिसेनासा व्हायला दोन तास लागले. इथे घाई करूच नका.

सरस लावून दिवसभर क्लॅम्प. मग तार छेडली, तोच करकरीत आवाज!