थेरपी पोराची चालू आहे, फोनवर स्वतःचंही बघा

मी बार्शीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मुलगा अकरा वर्षांचा, ऑटिस्टिक (स्वमग्न), बोलणं मोजकंच. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच म्हणजे वाचा-थेरपी, यांसाठी आम्ही सोलापूरला जातो. तिथं बाहेर बाकड्यावर बसलेल्या आयांचे फोन उघडून बघा: पिक्चर कार्डांच्या पीडीएफ, अंगावर मऊ ब्रश फिरवायच्या ब्रशिंगचे व्हिडिओ, थेरपिस्ट मॅडमच्या व्हॉइस नोट. सगळं पोराचं. आईच्या झोपेचं, चिडचिडीचं त्यात काहीच नसतं. ते त्याच फोनमध्ये कसं आणायचं, तेवढंच सांगते.

ॲप शोधायच्या आधी कागद घ्या. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, कशात मन लागलं का, असे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा वर गेली तर कुणाशी तरी बोलायची वेळ झालीय. हे निदान नव्हे, अंदाज. नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथं शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी फोन करा. झोपेच्या प्रश्नाला मात्र आपलं घोडं अडतं. पोरगं रात्री दोनला उठून उड्या मारतंय म्हणून झोप नाही, आणि पोरगं गाढ झोपलंय तरी आपले डोळे उघडे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली कुठली, ते शेजारी लिहून ठेवा. समोरच्याला हेच आधी सांगायचंय.

फोन कुणाला? १४४१६. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो. सुरुवातीला भाषा विचारतात, तिथं मराठी निवडा. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढं मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवतात.

इथं एक गोम आहे. ‘माझा मुलगा ऑटिस्टिक आहे’ म्हटलं की माणसं मुलाचंच विचारायला लागतात: वय काय, बोलतो का, शाळेत घातलंय का. दहा मिनिटं त्यातच जातात आणि आपणही ती उत्तरं घडाघडा देतो, कारण सवयच ती. म्हणून पहिलं वाक्य लिहूनच ठेवा: ‘मुलाची थेरपी चालू आहे, फोन मी माझ्यासाठी केलाय.’ मग दुसरं: ‘गेला महिनाभर मला असं असं होतंय.’ पुढच्या वेळी तोच आवाज भेटेल असं धरू नका. मागं काय बोलणं झालं त्याच्या चार ओळी फोनच्या नोट्समध्ये असू द्या.

बोलायचं कुठून, हा खरा प्रश्न. घरात सासूबाई, जाऊबाई, भिंती पातळ. पोरगं थेरपीला आत असतं तो पाऊण तास आपलाच असतो. बाकड्यावरून उठा, पार्किंगमध्ये जा, इअरफोन लावा. घरच्यांना सांगायचंच असेल तर ‘मॅडमशी बोलणं आहे’ एवढं पुरे. खोटंही नाही ते.

दर आठवड्याला एकाच माणसाशी बोलायचं असेल तर पैसे देऊन व्हिडिओ समुपदेशन घ्या. ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा. मराठीत बोलाल का? ऑटिस्टिक मुलांच्या पालकांबरोबर काम केलंय का? आणि मुलगा मध्येच धावत आला, सेशन तुटलं, तर पैसे आणि वेळ यांचं काय? तिसऱ्याचं उत्तर कपाळाला आठ्या घालून मिळालं तर दुसरं माणूस बघा. गोळ्या फक्त डॉक्टर देऊ शकतात, आणि २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक लागतो. रेंज नसेल तर व्हिडिओ बंद करा. नुसत्या आवाजावरही काम भागतं.

गप्पा मारणाऱ्या ॲपचं माझं मत फार उंच नाही. बंगळुरूचं वायसा आहे, श्वासाचे व्यायाम वगैरे बरे आहेत, रात्री अडीचला रील बघण्यापेक्षा चांगलंच. पण त्यात मुलाचं नाव, शाळा, यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) क्रमांक टाकू नका, आणि जीव घाबरा झाला असेल तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. मराठी ऐकायचं तर ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेचं यूट्यूबवरचं ‘आवाहन’ चॅनेल भाकऱ्या करता करता ऐकता येतं.

पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप सोडू नका, छाटा. यूडीआयडीचं शिबिर, दिव्यांगांसाठीच्या निरामय आरोग्य विम्याचा फॉर्म, नवी ओटी कुठं आलीय, हे तिथंच कळतं. पण सगळे ग्रुप कायमचे म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका आणि दिवसातून एकदाच, उजेड असताना उघडा. ‘ऑटिझम लसीमुळं झाला’ म्हणणारा पुढं पाठवतोय तो मूळ लेख १९९८ चा आहे आणि तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं तो २०१० मध्ये मागं घेतलाय. वाद घालू नका, त्याला गप्प ब्लॉक करा. ‘तीन महिन्यांत बरा’ म्हणणाऱ्यालाही.

आता गॅलरी. आपल्या फोनमध्ये मुलाचे व्हिडिओ असतात ते बहुतेक मेल्टडाउनचे, म्हणजे सहन न होऊन पोराचा पार तोल सुटतो तेव्हाचे, डॉक्टरांना दाखवायला काढलेले. रात्री चुकून तेच समोर येतात. त्यांचा वेगळा फोल्डर करून लपवा. मग पाच मिनिटं पोराबरोबर नुसतं बसा, त्याचे डबे, त्याची चाकं, आणि फोन टेकवून रेकॉर्ड करा. गोव्याच्या संगात संस्थेनं आणि रावळपिंडीच्या संशोधकांनी मिळून जी पालकांची पद्धत तपासली, तिच्या मुळाशी हेच आहे: चित्रफीत बघायची आणि जमलेले क्षण शोधायचे. तिथं सोबत प्रशिक्षित माणूस असतो. आपल्याला बहीण किंवा नवरा चालेल. पोरगं आपल्याकडं वळलं कधी, आपण थांबून त्याला वेळ दिला कधी, एवढंच बघायचं. चुका शोधायला बसणाऱ्या नातेवाइकाला हा व्हिडिओ दाखवायचा नाही.

आणि नवऱ्याच्या फोनमध्येही १४४१६ सेव्ह करा. बापे माणूस स्वतः शोधणार नाही, पण नंबर समोर असला की एखाद्या रात्री गच्चीवर जाऊन लावतो. स्वतःला किंवा पोराला आत्ताच काही करून टाकावं असं वाटलं तर ते नुसतं १४४१६ वर बोलून भागणारं नव्हे: पोराला दुसऱ्याच्या हाती द्या, घरातल्या एकाला जागं करा आणि ११२ किंवा जवळचा दवाखाना गाठा.