सेंद्रिय ऊस-गुळाचं दप्तर: तपासणीआधीची तयारी

सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी प्रमाणन संस्थेचा तपासनीस येतो, त्याला दाखवायचं हे दप्तर. सातबारा, आठ-अ, आधार, गेल्या वर्षीचं प्रमाणपत्र. हे सगळेच काढून ठेवतात, पुढे चला.

गट सामाईक असेल तर मात्र थांबा. चुलतभावाचा हिस्सा त्याच गटात आणि तो रासायनिक करतोय, तर नुसत्या सातबाऱ्यावरून तुमचे गुंठे कुठले ते कळत नाही. हातानं नकाशा काढा. उत्तर दिशा, बांध, पाट, विहीर किंवा पाणीपुरवठा संस्थेचा चेंबर, चारी बाजूंना कोण काय पिकवतो आणि प्रमाणन संस्थेनं मान्य केलेला बफरचा पट्टा (रासायनिक रानाला लागून सोडलेली, सेंद्रियमध्ये न धरायची कड) किती फुटांचा, एवढं त्यावर हवं. बफरमधला ऊस वेगळा तोडून कारखान्याला घाला, त्याची काट्याची पावती याच फायलीत लावा. पावती नसली की तो ऊस तुमच्या काहिलीत, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईत गेला, असंच धरलं जातं.

रोजवही शिवलेली घ्या, सुटे कागद नकोत. पानांना आकडे आधीच टाका. चुकलं तर एक आडवी रेघ आणि बाजूला सही, व्हाइटनर नको. त्या दिवशीचं त्या दिवशी लिहा. वर्षभराचं एका शाईत, एका बैठकीत उतरवलेलं पान उलटताच ओळखू येतं. आणि 'जीवामृत सोडलं' एवढ्यानं भागत नाही. तारीख, प्लॉट, किती लिटर, आणि ते कशाचं केलं: २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचं पीठ. गूळ घरचा वापरला तर साठावहीतून वजा करा. तीन एकरांना महिन्यातून एकदा, एकरी २०० लिटर म्हटलं तर वर्षाला ७२ किलो होतो, आणि तेवढा गूळ हिशेबात कुठं गेला ते नंतर आठवत नाही. दुकानातला आणला तर बिल ठेवा.

बेणं कुणाकडून, जात कोणती, बेणेप्रक्रिया कशाची, हे लिहा. एकरी दोन डोळ्यांची सुमारे १०,००० टिपरी लागतात, शेजाऱ्याच्या ट्रॉलीतून आली असतील तर ती कीटकनाशकात बुडवून आणलेली नाहीत असं त्याच्या सहीनं लिहून घ्या. विकतच्या शेणखताचंही तसंच: गोठा कुणाचा, किती ट्रॉल्या, कधी. पोल्ट्रीचं खत किंवा कारखान्याची प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी) आधी विचारल्याशिवाय बांधावर उतरवूच नका. निंबोळी पेंड, जिवाणू खतं यांची बिलं ठेवाच. पोत्यावरचं लेबल बॅच नंबरसकट कापून बिलाला टाचा.

आता सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट. धुतल्याची नोंद. जे जे भाड्याचं, उसनं किंवा सामाईक, ते वापरण्याआधी धुतल्याची नोंद. धुतात सगळे, लिहीत कुणी नाही, आणि न लिहिलेलं धुणं तपासणीत धरत नाहीत.

फवारणी पंप शक्यतो उसना घेऊच नका. उसात टू-फोर-डी हे तणनाशक सर्रास मारलं जातं, आणि टाकी स्वच्छ दिसली तरी रबरी नळी, गाळणी आणि नोझलमध्ये ते चिकटून राहतं. ट्रॅक्टरवाल्याच्या खताच्या पेटीच्या कोपऱ्यात १०:२६:२६ या रासायनिक खताचे दाणे अडकलेले असतात, ते झाडून, धुऊन काढा. ऊस वाहायची ट्रॉली काल युरिया घेऊन आली होती का, विचारा. मग लिहा: तारीख, वेळ, काय धुतलं, कशानं धुतलं, धुतलेलं पाणी कुठं सोडलं, कुणी धुतलं, मालकाची सही. सात रकान्यांची वेगळी वही करा. रोजवहीत मध्येच एक ओळ घुसडू नका, सापडत नाही.

गुऱ्हाळावर तर ही वही पहिली न्या, उसाच्या आधी. तुमच्या आधी रासायनिक उसाचं गाळप झालेलं असणार. चरकाचे रोल, रसाची टाकी, पाइप, काहील, मळी काढायची झारी, गुळाचा वाफा, ढेपेचे साचे आणि त्यातली फडकी. प्रत्येकाची धुतल्याची नोंद वेगळी. 'गुऱ्हाळ धुतलं' अशी एक ओळ चालत नाही. धुऊनही पाइपमध्ये जुना रस राहतो, म्हणून स्वतःचाच थोडा ऊस घालून पहिला रस बाजूला काढा, तो सेंद्रियमध्ये धरू नका आणि किती काढला ते लिहा. फडकी तर आपली नवीच न्या. हायड्रॉसचा (गुळाचा रंग उजळायच्या रसायनाचा) डबा चुलवाणाशेजारी नुसता ठेवलेला असला तरी प्रश्न येतो. गाळपाआधी तो दुसऱ्या खोलीत हलवायला लावा. गुळव्याशी आधीच बोला. रंग काळपट येतोय असं दिसलं की त्याचा हात सवयीनं त्या डब्याकडे जातो. गूळ तांबूस-काळसर आला तर येऊ दे. चुना किती, रस साफ करायची रानभेंडी कुठली, फेस बसवायला तेल कुठलं, सगळं आधणागणिक, म्हणजे काहिलीच्या प्रत्येक खेपेला लिहायचं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात, मध्ये कुणाचा तरी ऊस गाळून झाला, तर पुन्हा धुवा, पुन्हा नोंद करा. कालची आज चालत नाही.

वजनाचा मेळ आधी स्वतः घालून बघा. टनाला साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो. दहा टनांच्या पावत्या आणि दीड टनाची विक्री, असं दिसलं की बाहेरून गूळ घेऊन खपवला, हाच अर्थ निघतो. उलटं, गूळ कमी दिसला तर घरी खाल्लेला, पै-पाहुण्यांना दिलेला, जीवामृतात गेलेला लिहिला का ते पाहा. बेण्याला राखलेला ऊस एकूण उत्पादनातून वेगळा दाखवा.

लॉट नंबर सोपा ठेवा: गट, प्लॉट, तारीख, आधण. २१४ गटातल्या ब प्लॉटचं १२ डिसेंबरचं दुसरं आधण म्हणजे २१४ब-१२१२-२. तोच नंबर ढेपेवर, साठावहीत आणि बिलात. युरियाच्या रिकाम्या पोत्यात काहीही भरू नका, धुतलेलं असलं तरी नको. म्हशीच्या गोचिडाचं औषध, डिझेल, घरातलं झुरळांचं औषध गुळाच्या खोलीत नको, आणि जिथं आहे ते नकाशावर दाखवा.

पूर आला तर पाणी कुठल्या प्लॉटात चढलं, किती तारखेला, कधी उतरलं, हे त्याच आठवड्यात लिहा आणि संस्थेला कळवा. पंचगंगाकाठच्या २०१९ आणि २०२१ सारख्या पुरात शेजारच्या रानातलं काय काय वाहून येतं, ते सांगायला नको. शेजाऱ्याची फवारणी वाऱ्यानं इकडं आली तरी असंच.

विक्री: बिलावर प्रमाणपत्राचा नंबर, लॉट, वजन. रूपांतरण (रासायनिकातून सेंद्रियकडं यायचा ठरलेला काळ) संपलं नसेल तर नुसतं 'सेंद्रिय' लिहू नका. सेंद्रिय म्हणून दुसऱ्या प्रमाणित व्यापाऱ्याला माल देताना ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट (त्या विक्रीतला माल सेंद्रिय असल्याचा दाखला) प्रमाणन संस्थेकडं आधी मागा, गाडी भरल्यावर नाही. जुन्या वह्या पाच वर्षं जपा, रद्दीत घालू नका.

तपासणीच्या दिवशी धुण्याची वही सगळ्यात वर ठेवा, गुऱ्हाळमालकाचा फोन लागतोय का ते सकाळी बघा. अहवाल वाचूनच सही करा आणि प्रत मागून घ्या. त्रुटी निघाली तर दुरुस्तीची मुदत किती ते अहवालावरच तारखेनं लिहून घ्या.