ज्येष्ठांच्या हाडा-सांध्यांचं सर्वेक्षण करताय? या चुका टाळा

पहिली चूक प्रश्नातच होते. "आजी, गुडघे दुखतात का?" असं विचारलंत तर "दुखणारच की बाळा, वय झालं" हेच ऐकायला मिळणार. वर्षानुवर्षांचं दुखणं आणि काल खुरपणी करून आलेली अंगदुखी मग एकाच रकान्यात जाते. म्हणून मुदत घालून विचारा: गेल्या सात दिवसांत दुखलं का? कुठे? माणसाचं चित्र पुढे धरा आणि बोट ठेवायला सांगा.

तक्रार म्हणजे आजार नव्हे, हेही लक्षात असू द्या. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने 'कॉपकॉर्ड' (गावागावांत हाडा-सांध्यांचे आजार मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत) सर्वेक्षण सुरू केलं. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांनी हाडा-सांध्यांची तक्रार सांगितली, म्हणजे शंभरात अठरा. डॉक्टरांनी तपासल्यावर ऱ्हुमॅटॉइड आमवात मात्र हजारात पाचेक जणांनाच निघाला. घरोघरची विचारपूस आणि डॉक्टरांची तपासणी या पायऱ्या वेगळ्या ठेवल्या होत्या, म्हणून हा फरक दिसला. उलटंही घडतं: एक्स-रेत भरपूर झीज असते आणि माणूस मजेत चालत असतो. दोन्ही नोंदी स्वतंत्र ठेवा.

वयाकडे फार दुर्लक्ष होतं. तुमच्या यादीत ६०, ६५, ७० याच वयांची गर्दी दिसली तर समजा, वयं अंदाजाने सांगितली आहेत. आधार कार्डावरची तारीखही पुष्कळदा अंदाजाचीच, १ जानेवारीची असते. त्यापेक्षा विचारा: पानशेत फुटलं (१९६१) तेव्हा शाळेत जात होता का? कोयनेचा भूकंप (१९६७) आठवतो? बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं का? हाडांची घनता आणि स्नायूंची ताकद वयानुसार घटते, त्यामुळे वय पाच वर्षांनी चुकलं तर पुढचं सगळं गणित बिघडतं.

आता हाताची पकड. डायनॅमोमीटर (पकडीची ताकद किलोत मोजणारं यंत्र) हातात देऊन "दाबा" म्हटलं की झालं, असं वाटतं, आणि इथेच सर्वाधिक आकडे वाया जातात. एकाने उभं राहून दाबलं, दुसऱ्याने बाजेवर बसून, तिसरीची बोटं दांड्याभोवती नीट पोहोचलीच नाहीत. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांची पद्धत सोपी आहे: हातांच्या खुर्चीत बसवा, कोपरापासूनचा हात खुर्चीच्या हातावर टेकवा, मनगट पुढे मोकळं, अंगठा वर. दोन्ही हातांनी आळीपाळीने तीन-तीन वेळा दाबायला लावा आणि सहापैकी सर्वांत मोठा आकडा घ्या. "जोरात, अजून जोरात" हे प्रोत्साहनही सगळ्यांना सारखंच द्या. लाडक्या आजोबांना जास्त नको. मनगट सुजलेलं किंवा नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तर त्या हाताला सोडा, कारण लिहा.

कमकुवत कोणाला म्हणायचं, तेही आधीच ठरवा. म्हातारपणी स्नायू झिजण्याचा अभ्यास करणाऱ्या आशियाई तज्ज्ञांच्या गटाच्या २०१९ च्या निकषात पुरुषांना २८ किलोंपेक्षा आणि बायकांना १८ किलोंपेक्षा कमी पकड म्हणजे कमकुवत. अशाच युरोपीय गटाचे आकडे २७ आणि १६. म्हणजे १७ किलो पकडीची आजी एका हिशेबात कमकुवत, दुसऱ्यात ठीक. निकाल पाहून निकष निवडणं ही शुद्ध फसवणूक आहे.

शिबिरात टाचेच्या हाडाची घनता मोजणाऱ्या मशीनवर 'उणे २.५' (तरुण, निरोगी माणसाच्या तुलनेतला गुण) आलं म्हणून कुणाला ऑस्टिओपोरोसिसचा, म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याचा, शिक्का मारू नका. ती रेषा कंबर आणि खुब्याच्या डेक्सा तपासणीसाठी (एक्स-रेने हाडांची घनता मोजणारी तपासणी) आहे. अशा शिक्क्याने घाबरून चालणंच सोडणारे ज्येष्ठ असतात, आणि त्यांचं नुकसान खरं असतं.

शेवटची चूक कागदावर दिसतच नाही. सकाळी अकराला गेलात तर धट्टीकट्टी म्हातारी माणसं शेतावर असतात, आणि अंथरुणाला खिळलेल्यांबद्दल सून दारातूनच "ते झोपलेत" म्हणते. दोन्ही टोकं गळतात आणि मधलेच मोजले जातात. संध्याकाळी परत जा. अंथरुणावरच्यांना निदान प्रश्न तरी विचारा. न भेटलेल्या प्रत्येकाचं वय, बाई की पुरुष आणि न भेटण्याचं कारण वहीत लिहून ठेवा, म्हणजे गळालेले कोण होते ते अहवालात सांगता येईल.