वजनाचे इंजेक्शन सुरू करताय? पहिल्या काही महिन्यांतल्या या चुका टाळा

पहिली सुई घेतल्यावर तीन-चार दिवसांतच काही जण वजनकाट्यावर उभे राहतात आणि हिरमुसतात. काहींचे याच्या अगदी उलट होते. भूक एवढी मरते की ते खुशीत जेवणच सोडून देतात आणि आठवडाभरात चक्कर येऊन आडवे होतात. दोघांचीही चूक एकाच जातीची आहे: घाई. सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड आणि लिराग्लुटाइड ही वजन उतरवणारी औषधे मुद्दाम सावकाश चढवायची असतात. सुरुवातीच्या बऱ्याचशा तक्रारी ती चाल मोडल्यामुळे येतात.

ही चाल संथ का, हे आधी समजून घेऊ, कारण पुढच्या बहुतेक चुका त्यावरून कळतात. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सुटते. ते मेंदूला ‘पोट भरले’ असे कळवते आणि जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते. शरीरात तयार झालेले जीएलपी-१ दोन-तीन मिनिटांत मोडून जाते. सेमाग्लुटाइड मात्र तेच काम करत शरीरात रेंगाळते: त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे एक आठवडा लागतो. टिर्झेपॅटाइड जीएलपी-१ सोबत जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकासारखेही काम करते आणि त्याला सुमारे पाच दिवस लागतात. म्हणजे या आठवड्याचा डोस मागच्या आठवड्याच्या शिलकीवर चढतो, आणि रक्तातली पातळी स्थिर व्हायला चार-पाच आठवडे जातात. आज घेतलेला डोस जास्त झाला, तर तो उद्या काढून टाकता येत नाही.

‘काहीच होत नाही’ म्हणून डोस वाढवणे

वजनासाठीचे सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होते. साधारण दर चार आठवड्यांनी ते ०.५, १, १.७ आणि २.४ मिलिग्रॅम असे चढते. टिर्झेपॅटाइड २.५ मिलिग्रॅमने सुरू होते, चार आठवड्यांनी ५ वर जाते आणि पुढची प्रत्येक पायरी २.५ मिलिग्रॅमची असते, जास्तीत जास्त १५ पर्यंत. लिराग्लुटाइड रोज घ्यावे लागते आणि ०.६ वरून दर आठवड्याला वाढवत ३ मिलिग्रॅमपर्यंत नेतात.

पहिल्या महिन्याचा डोस पोटाला सवय लागावी म्हणून असतो. त्यात वजन उतरले तर चांगलेच, पण नाही उतरले तर औषध ‘लागू पडत नाही’ असा अर्थ होत नाही. वेगोव्ही या नावाने सेमाग्लुटाइडला अमेरिकेत जून २०२१ मध्ये वजनासाठी मंजुरी मिळाली. त्यामागच्या ‘स्टेप-१’ या मोठ्या चाचणीत सरासरी १४.९ टक्के वजन घटले, पण ते ६८ आठवड्यांत. टिर्झेपॅटाइडच्या ‘सरमाउंट-१’ चाचणीत सर्वांत मोठ्या डोसवर सरासरी २०.९ टक्के घट झाली, तीही ७२ आठवड्यांत. हे आकडे वाचताना लोक टक्केवारी लक्षात ठेवतात आणि आठवडे विसरतात.

शिवाय सरासरी म्हणजे प्रत्येकाचा आकडा नव्हे. कुणाचे वजन भराभर उतरते, कुणाचे थांबत-थांबत, आणि काहींना फारसा फरक पडत नाही. मैत्रिणीचे किती उतरले याच्याशी तुलना करून पुढची पायरी आधीच गाठू नका. उलटही लक्षात ठेवा: आहे त्या डोसवर भूक आटोक्यात असेल आणि वजन उतरत असेल, तर केवळ तक्त्यात लिहिले आहे म्हणून वर चढायलाच हवे असे नाही. हा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्या. त्रास होत असेल तर ते त्याच पायरीवर आणखी चार आठवडे थांबायला सांगू शकतात. तसे थांबणे म्हणजे मागे पडणे नव्हे.

मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट यांची गल्लत

आधीच ठरलेला डोस देणाऱ्या इंजेक्शनच्या पेनमध्ये हा धोका कमी असतो. बाटलीतून सिरिंजमध्ये औषध ओढावे लागत असेल, तर सर्वांत गंभीर चूक इथे होते. इन्सुलिनच्या नेहमीच्या सिरिंजवर १०० युनिट म्हणजे १ मिलिलिटर. बाटलीत दर मिलिलिटरला २.५ मिलिग्रॅम औषध असेल, तर १० युनिटमध्ये ०.२५ मिलिग्रॅम येते. दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असेल, तर त्याच १० युनिटमध्ये दुप्पट. म्हणून दुसऱ्या कुणाचे ‘मी दहा युनिट घेते’ हे वाक्य तुमच्या काहीच उपयोगाचे नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२४ मध्ये याबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती, कारण हिशेब चुकून लोकांनी ठरलेल्या डोसच्या ५ ते २० पट सेमाग्लुटाइड टोचून घेतले होते आणि काहींना रुग्णालयात भरती व्हावे लागले.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला. चिठ्ठीशिवाय मिळणारे, लेबल अस्पष्ट असलेले किंवा खोके फोडलेले पेन कितीही सहज मिळत असले तरी घेऊ नका. दुसऱ्याचे पेन सुई बदलूनही वापरू नका.

मळमळ आल्यावर चुकीचे उपाय

मळमळ हा सर्वांत जास्त आढळणारा त्रास. ‘स्टेप-१’ मध्ये औषध घेणाऱ्या १०० पैकी सुमारे ४४ जणांना ती झाली. औषध नसलेले इंजेक्शन घेणाऱ्यांमध्येही १७ जणांना झाली. जुलाब, बद्धकोष्ठ आणि उलट्याही बऱ्याच जणांना झाल्या. तरीही पोटाच्या त्रासामुळे औषध कायमचे सोडणारे १०० पैकी पाचापेक्षा कमी होते. बहुतेकांचा त्रास सौम्य ते मध्यम असतो, डोस वाढला की पुन्हा डोके वर काढतो आणि काही दिवसांत ओसरतो.

त्रास वाढतो तो बहुधा खाण्याच्या पद्धतीमुळे. जठर हळू रिकामे होत असताना आपण जुन्या सवयीने पूर्ण ताट संपवतो. भूक संपल्यानंतरचे चार घासच पुढच्या सहा तासांची मळमळ देतात. निम्मे ताट वाढून घ्या, सावकाश खा आणि ‘पुरे’ वाटले की उरलेले बाजूला ठेवा. अन्न वाया जाऊ नये म्हणून पोटात ढकलण्याची शिकवण आपल्यात खोल रुजलेली आहे, हे मला माहीत आहे. पण या औषधावर असताना ती खरोखर त्रास देते. तळलेले, तेलकट आणि फार गोड पदार्थ पोटात जास्त वेळ बसून राहतात. करपट ढेकर, पोट फुगणे आणि छातीत जळजळ बऱ्याचदा त्यांच्यामुळे वाढते. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नका. मद्यानेही मळमळ वाढते.

साप्ताहिक औषधाची रक्तातली पातळी साधारण पहिल्या एक ते तीन दिवसांत शिखरावर असते. म्हणून सुईचा वार ठरवताना पुढचे दोन दिवस कसे आहेत ते पाहा. महत्त्वाचा प्रवास किंवा मोठे जेवण त्या दोन दिवसांत येणार नाही असा वार निवडणे साध्या शहाणपणाचे आहे.

बद्धकोष्ठाकडे लोक कमी लक्ष देतात, आणि माझ्या मते ती मोठी चूक आहे. मळमळ जाते, पण बद्धकोष्ठ महिनोन्‌महिने टिकू शकते. खाणे कमी, पाणी कमी आणि आतड्यांची चाल मंद, अशी तिहेरी अडचण असते. पहिल्या आठवड्यापासूनच पाणी आणि तंतुमय पदार्थ हळूहळू वाढवा, रोज चाला. तीन-चार दिवस शौचाला झाले नाही तर घरगुती जालीम रेचक घेण्याऐवजी डॉक्टरांना विचारा.

उलट्या-जुलाब सुरू झाले की पाण्याचा प्रश्न सर्वांत तातडीचा. ओआरएस घोट-घोट घ्या. लघवी गडद आणि कमी होणे, उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणे ही शरीर सुकत असल्याची चिन्हे आहेत. अशा कोरडेपणातून मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे आहेत.

भूक नाही म्हणून न खाणे

भूक मेली की बऱ्याच जणांना वाटते, आता खायचेच कशाला? जेवण सोडल्याने वजन उतरते खरे, पण उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. कोणत्याही मार्गाने वेगाने वजन घटवले की हे होते. प्रोटीन आणि व्यायाम नसेल तर ते जास्त होते. साठीच्या पुढच्या माणसाला हे फार महागात पडते, कारण गेलेला स्नायू परत मिळवणे त्या वयात कठीण असते.

ताटात प्रोटीन आधी खा, बाकीचे नंतर. डाळी, कडधान्ये, दूध-दही, अंडी, मासे, जे तुम्ही खाता ते. बहुतेक प्रौढांना दिवसाला किमान ६० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील. एका वेळी जात नसेल तर दिवसभरात चार-पाच वेळा थोडे थोडे घ्या. आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा. खुर्चीतून हात न टेकता उठणे, भिंतीला हात लावून दंड काढणे, हलकी वजने उचलणे एवढ्याने सुरुवात होते.

तीन-चार महिन्यांनी केस जास्त गळायला लागले तर घाबरू नका. झपाट्याने वजन उतरल्यावर असे होते आणि बहुधा काही महिन्यांत ते भरून येते. मात्र प्रोटीन आणि लोह पुरेसे आहे का हे तपासून घ्या.

सुई टोचताना

पोट, मांडीचा पुढचा भाग किंवा दंड, यांपैकी कुठेही चालते. दर वेळी जागा थोडी बदला. फ्रिजमधून काढलेले पेन थोडा वेळ बाहेर ठेवले तर कमी झोंबते. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे पेन लवकर उचलणे. प्रत्येक पेनची खूण वेगळी असते: कुठे दुसरा ‘टक’ आवाज, कुठे थांबलेली पिवळी पट्टी, कुठे शून्यावर आल्यानंतर मोजायचे सहा सेकंद. खोक्यातला कागद वाचा. टोचल्यावर कातडीवर एखादा थेंब दिसला तर चालते. बरेच औषध बाहेर सांडले असे वाटले तरी दुसरा डोस लगेच टोचू नका, आधी विचारा.

पेन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचे. बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलेले पेन वितळल्यावर ठीक दिसते, पण ते फेकूनच द्यायचे. फ्रिजबाहेर ते किती दिवस टिकते हे औषधागणिक बदलते.

डोस चुकला तर

दोन डोस एकदम घेऊन भरपाई करू नका. साप्ताहिक सेमाग्लुटाइड ठरलेल्या वारानंतर ५ दिवसांच्या आत, टिर्झेपॅटाइड ४ दिवसांच्या आत आठवले तर घ्या. त्यापुढे गेले असेल तर तो डोस सोडून नेहमीच्या वारी पुढचा घ्या. रोजच्या लिराग्लुटाइडचा चुकलेला डोस सोडून दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे घ्यायचा. लागोपाठ दोन किंवा अधिक आठवडे चुकले, किंवा लिराग्लुटाइडमध्ये तीनपेक्षा जास्त दिवस, तर आधीच्या मोठ्या डोसवर परत उडी मारू नका. पोटाची सवय मोडलेली असते, कदाचित खालून सुरुवात करावी लागेल.

डॉक्टरांना पूर्ण माहिती न देणे

स्वतःला किंवा घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग झाला असेल, किंवा मेन-२ हा आनुवंशिक विकार असेल, तर ही औषधे देत नाहीत. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल, पित्ताशयात खडे असतील किंवा मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यांचे प्रमाण सुरुवातीलाच कमी करावे लागू शकते. वजन उतरते तसा रक्तदाबही उतरतो, म्हणून त्या गोळ्यांचाही फेरविचार लागतो. टिर्झेपॅटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. ते सुरू केल्यावर चार आठवडे, आणि प्रत्येक वाढीनंतर पुन्हा चार आठवडे, दुसरे साधनही वापरायचे असते. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवतात. भूल देऊन काही करायचे असेल, अगदी एंडोस्कोपी असली तरी, भूलतज्ज्ञांना हे इंजेक्शन चालू असल्याचे सांगा. उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेले असू शकते.

‘औषधाचाच त्रास असेल’ म्हणून अंगावर काढणे

पोटात न थांबणारी तीव्र वेदना, विशेषतः पाठीकडे जाणारी, ही स्वादुपिंडाच्या सुजेची खूण असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखणे, ताप, डोळे पिवळे होणे हे पित्ताशयाकडे बोट दाखवते. घोटभर पाणीही पोटात न राहणे, अचानक दृष्टी जाणे, चेहरा किंवा घसा सुजणे, यांपैकी काहीही झाले तर पुढची सुई घेऊ नका आणि त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, रुग्णालय गाठा.

हवे ते वजन आले की परस्पर बंद करणे

‘स्टेप-१’ मधल्या काही जणांवर औषध थांबवल्यानंतरही वर्षभर लक्ष ठेवले गेले. घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. यात त्या माणसांची इच्छाशक्ती कमी पडली असे मी म्हणणार नाही. औषधाने दाबलेली भूक औषध गेल्यावर परत येते, आणि वजन घटवलेले शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जेत भागवू लागलेले असते. म्हणून हे औषध किती काळ घ्यायचे, परवडणार का, मिळत राहील का, हा प्रश्न पहिल्या सुईच्या आधीच डॉक्टरांपुढे मांडा. थांबवायचे ठरलेच, तर दर आठवड्याला वजन लिहून ठेवा आणि किती किलो वाढले की परत भेटायचे तो आकडा त्यांच्याकडून आधीच ठरवून घ्या.