पास्त्यासाठी पाणी कसं उकळायचं: आधी उकळी ओळखा, मग पास्ता टाका

पास्ता गिच्च झाला की लोक सॉसला नावं ठेवतात, नाहीतर ब्रँड बदलतात. आमच्या घरी गेली बारा-तेरा वर्षं आठवड्यातून एकदा तरी पास्ता होतो आणि माझं ठाम मत झालंय की तो बिघडतो तो पाण्यातच, सॉस बिचारा नंतर येतो. नेटवरचे सल्ले वाचून तर चिडायलाच होतं, म्हणे पाण्यात तेल घाला, समुद्रासारखं खारट करा, शिजला की नळाखाली धुवून घ्या. यातलं काहीही करू नका. भाताला, पुरणाच्या डाळीला आपण आधण ठेवतो ना, तसंच हे पास्त्याचं आधण आहे, आणि ते नीट आलं तर पुढे फारसं काही बिघडत नाही.

पातेलं आणि पाणी

१०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी, हे इटलीतलं जुनं माप आहे आणि मी ते सोडत नाही. चौघांना ४०० ग्रॅम पास्ता म्हणजे ४ लिटर पाणी, आणि पातेलं किमान ६ लिटरचं, कारण फेसाला जागा लागते. एवढं मोठं पातेलं नसेल तर घरातला मोठा कुकर घ्या, झाकण न लावता, त्याचं बूड जाड असतं त्यामुळे खाली लागत नाही. शिट्टीवर पास्ता शिजवायचे व्हिडिओ मी पाहिलेत, त्या वाटेला जाऊ नका. कमी पाण्यातही पास्ता शिजतो हे खरं आहे, पण मग सगळा वेळ डाव हातात धरून उभं राहावं लागतं.

पाणी पिण्याचं घ्या. गीझरचं गरम पाणी घेऊन वेळ वाचवू नका, त्या टाकीच्या आत किती गंज आणि क्षार साचलेत ते आपल्याला दिसत नाही. घाई असेल तर अर्धं पाणी इलेक्ट्रिक केटलमध्ये आणि अर्धं गॅसवर, वेळ सरळ निम्मा होतो.

गॅस

मोठा बर्नर, फुल, आणि वर झाकण. ज्योत बुडाच्या बाहेर आली की ती पातेल्याचे कान तापवते, पाणी नाही, तेवढी कमी करा. ४ लिटरला पंधरा मिनिटं तरी लागतात आणि माझ्या हिशेबाने साधारण ४० ग्रॅम गॅस जातो, झाकण नसेल तर दोन्ही वाढतं.

मीठ

समुद्रासारखं खारट म्हणणाऱ्यांनी कधी समुद्राचं पाणी तोंडात घेतलंय का? लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं त्यात, पास्ता घशाखाली उतरणार नाही. लिटरला १० ग्रॅम पुरे, म्हणजे बारीक मिठाचे दीड ते दोन चहाचे चमचे. सॉसमध्ये भरपूर चीज किंवा ऑलिव्ह जाणार असतील तर ७ ग्रॅमवर थांबा. पाण्याची चव घेऊन बघा, जरा जास्त मीठ पडलेल्या आमटीसारखी लागली पाहिजे. मीठ घालायचंच, कारण पास्ता आतून खारवायची ही एकच संधी असते, नंतर सॉसमध्ये कितीही घाला ते वरवरच राहतं.

मिठाने पाणी लवकर उकळतं, किंवा खूप जास्त तापतं, असंही सांगतात. एवढ्याशा मिठाने उत्कलनबिंदू पाव अंशानेही वर जात नाही. पण मीठ उकळी आल्यावरच घाला, कारण थंड पाण्यात घातलं की ते तळाशी बसून राहतं आणि स्टीलच्या भांड्याला बारीक पांढरे डाग आणि खड्डे पडतात. आणि उकळत्या पाण्यात एकदम ओतू नका, पाणी फसफसून हातावर येतं, चिमटी-चिमटीने सोडा.

तेल नको. तेलाने फेस थोडा दबतो, नाही असं नाही, पण ते पाण्यावर तरंगतं, आत पास्ता एकमेकांना चिकटायचा तो चिकटतोच, आणि गाळताना तेच तेल पास्त्याला लागून वरून सॉस घसरतो.

उकळी कशी ओळखायची

इथे मी स्वतः फसलेय म्हणून हे सविस्तर लिहितेय. मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला बारा मुलं यायची होती, एक किलो पेने, म्हणजे नळीसारखा पास्ता, आणून ठेवला होता, सगळ्यात मोठं पातेलं चढवलं. झाकण काढून बघितलं तर बुडाला बुडबुडे, मोठा आवाज, वाफा, मला वाटलं आलं आधण, आणि अख्खं पाकीट एका दमात रिकामं केलं. पातेलं एकदम गप्प झालं. आवाज नाही, बुडबुडा नाही, काहीच नाही. परत उकळी फुटायला सात-आठ मिनिटं लागली आणि तेवढ्यात मी केक बघायला बाहेर. आले तर खालचा थर उकडीच्या गोळ्यासारखा एकजीव झालेला, उलथन्याने खरवडला तर तुकडे निघाले, आणि वरचे पेने कच्चट. मुलांना शेवटी ब्रेड-बटाट्यावर भागवावं लागलं.

त्यानंतर मी प्रत्येक वेळी पातेल्यापाशी उभी राहून बघायला लागले आणि लक्षात आलं की पाणी आपल्याला दोनदा फसवतं. पहिल्यांदा बुडाला आणि कडेला मोहरीएवढे बुडबुडे चिकटतात, ती उकळी नाहीच, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडतेय, पाणी अजून उकळण्यापासून बरंच लांब असतं. मग थोड्या वेळाने पातेलं सूंऽऽ करून वाजायला लागतं आणि आवाज वाढत जातो. तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात, वरच्या जरा गार पाण्यात शिरले की तिथेच फुटून विरतात, त्याचा तो आवाज. हा आवाज सगळ्यात मोठा असतो तेव्हा पाणी उकळलेलं नसतं! मी वाढदिवसाला नेमकी इथेच फसले.

खरी उकळी आली की आवाज उलट खाली येतो, जाडसर, खदखद असा होतो, कारण आता बुडबुडे मधे विरत नाहीत, थेट वर येऊन फुटतात. पाण्याचा पृष्ठभाग एका जागी नाही, सगळीकडे उसळत असतो. तरी खात्री नसेल तर डाव घालून जोरात ढवळा. बुडबुडे बसले तर थांबा, ढवळूनही खळखळ तशीच राहिली तर आधण आलं. झाकण लावून बाहेरच्या खोलीतून आवाजावर अंदाज बांधू नका, झाकण उचलून डोळ्यांनी बघा.

टाकल्यानंतरची पहिली दोन मिनिटं

ही दोन मिनिटं फोन उचलायचा नाही, दार उघडायला दुसऱ्याला पाठवायचं. पास्ता गरम पाण्यात पडला की त्याच्या वरचा पिठूळ थर फुगून खळीसारखा चिकट होतो, आणि नेमकं त्याच वेळी पाणी गार पडून उसळायचं थांबलेलं असतं, म्हणजे पास्ता तळाशी एकमेकांना टेकून बसतो. आता चिकटला तर चिकटला. दोन मिनिटं हलत राहिला की ती खळ पाण्यात धुऊन जाते आणि मग तो फारसा चिकटत नाही.

म्हणून एकदम ओतू नका, दोन-तीन वेळा मिळून टाका, प्रत्येक वेळी तळापासून डाव फिरवा. गॅस फुलच. परत उकळी लवकर यावी म्हणून अर्धवट झाकण ठेवता येतं पण तिथेच उभं राहा. स्पॅगेटी असेल तर मोडू नका, उभी धरून पाण्यात सोडा, खालची टोकं नरम झाली की डावाने हळूहळू दाबत गेलं की आपोआप वळून आत जाते. एक किलो करायचा असेल तर दोन पातेल्यांत करा, नाहीतर दोन घाणे काढा, एका पातेल्यात कोंबू नका.

उतू जाणं

परत उकळी आली की झाकण पूर्ण काढा आणि गॅस मध्यम करा, पाणी उसळत राहील एवढाच. आता पाण्यात पिठूळपणा उतरलेला असतो त्यामुळे फेस दुधासारखा वर येतो आणि काही सेकंदांत उतू जातो. पातेल्यावर लाकडी उलथनं आडवं ठेवायची युक्ती थोडा वेळ चालते, मग फेस त्याच्यावरूनही जातो, त्यावर विसंबू नका, गॅस कमी करणं हाच उपाय.

हे मी ओटा पुसायच्या कंटाळ्याने सांगत नाहीये. एकदा माझ्याकडे फेस उतू गेला, बर्नर विझला, मी बेसिनपाशी होते, नळ चालू, कळलंच नाही. थोड्या वेळाने वास आला तेव्हा लक्षात आलं की नॉब उघडाच आहे. आपल्या बऱ्याचशा घरगुती शेगड्यांमध्ये ज्योत विझली की गॅस आपोआप बंद व्हायची सोय नसते, आणि सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साठतो. असं झालं तर नॉब आणि रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, आणि लाइटचं किंवा पंख्याचं बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही. वास जात नसेल तर घराबाहेर पडून १९०६ वर फोन करा, गॅस गळतीसाठीचा तो नंबर आहे.

किती वेळ

पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी एक तुकडा काढून दाताखाली दाबा. मधोमध पांढरा ठिपका दिसला तर अजून कच्चा आहे, ठिपका जेमतेम दिसेनासा होतोय आणि दाताला किंचित लागतोय तिथे गॅस बंद. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला, त्यामुळे तिकडे पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक-दोन मिनिटं जास्त लागली तर घाबरू नका.

आणि पाकीट उलटं करून वाचा. ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला असेल तोच घ्या. ड्युरम म्हणजे काही परका गहू नाही, आपला बन्सी गहू तोच, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे वाणही काढलेत. मैद्याचा पास्ता असेल तर वर लिहिलेलं सगळं तंतोतंत केलंत तरी तो लवकर गिच्च होतो.

वेळणं

गाळायच्या आधी, आधी, दोन वाट्या पाणी बाजूला काढून ठेवा. पुरणाची डाळ शिजल्यावर कट कुणी मोरीत ओततं का? त्याची आमटी होते. तसंच हे पाणी, त्यातल्या पिठाने आणि मिठाने सॉस मिळून येतो आणि पास्त्याला धरतो. ते न काढता सगळं बेसिनमध्ये ओतलं आणि मग आठवलं, असं होऊ नये म्हणून मी वाटी चाळणीतच ठेवून देते, चाळणी उचलली की हाताला लागतेच.

पातेलं सांडशीने नाही, दोन्ही हातांनी जाड फडक्यात धरा, चार लिटर उकळतं पाणी आहे, आणि ओतताना तोंड बाजूला, वाफ सरळ वर येते. धुवू नका, गार पाण्याने ती खळ निघून जाते आणि सॉस धरत नाही. फक्त थंड सॅलडसाठी करत असाल तर धुवा.

सॉस आधीच दुसऱ्या शेगडीवर गरम असला पाहिजे. पास्ता त्यात टाका, बाजूला काढलेलं अर्धी वाटी पाणी घाला, मोठ्या आचेवर मिनिटभर हलवा, घट्ट वाटला तर अजून थोडं. ताटं आधी मांडून ठेवा आणि सगळ्यांना बसवा, कारण दहा मिनिटं गेली की पास्ता सगळा सॉस पिऊन कोरडा पडतो.