सोनामुखी सुटली, इसबगोल जमलं

तीन वर्षं मी रोज रात्री बद्धकोष्ठतेचं चूर्ण घेत होतो. आधी अर्धा चमचा पुरायचा, मग दीडही पुरेना. डब्यावरचे घटक वाचले तर पहिलंच नाव सोनामुखी, म्हणजे जुलाबासाठी वापरतात ती वनस्पती.

डॉक्टरांनी नीट समजावलं. सोनामुखीतली सेनोसाइड्स, म्हणजे तिच्यातली रेचक द्रव्यं, मोठ्या आतड्यात पोहोचली की तिथले जिवाणू ती फोडतात. त्यातून तयार होणारं द्रव्य आतड्याच्या स्नायूंना चाळवतं आणि पाणी शोषलं जाणंही कमी करतं. याला ६ ते १२ तास लागतात, म्हणून रात्री घेतलं की सकाळी पोट साफ. पोटात मुरडा यायचा तोही यामुळेच. अडल्यावेळी चांगलं औषध आहे, पण रोज मनानं घ्यायचं नाही.

इसबगोलाचं काम वेगळं. भुशी पाणी धरून फुगते, मळ मऊ आणि भरीव होतो, त्या ताणानं आतडं स्वतःच हलतं. मी पहिल्यांदा दोन घोट पाण्यात गिळली आणि पोट आणखीच गच्च झालं. आता एक चमचा भुशी मोठ्या पेलाभर पाण्यात, वर आणखी एक पेला. लगेच गुण नाही आला. तिसऱ्या दिवशी फरक पडला. चूर्ण हळूहळू कमी करत महिन्याभरात बंद केलं.